गुणाच्या वेशात येणारं वेड
(स्वागताध्यक्षीय भाषण)



रहाटणीकरांच्या वतीने स्वागत समिती सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करते. काळेवाडी, थेरगाव, पिंपळे सौदागर, चिंचवड इथून चालत किंवा दुचाकीवर आलेल्यांचं, चाकणहून रात्रपाळी आटोपून डोळ्यांवरची झोप बाजूला सारून आलेल्यांचं आणि बाहेरगावाहून बॅग घेऊन थेट मांडवात उतरलेल्यांचंही.

रहाटणी हे मुळात शेतीचं गाव. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, मागोमाग या पट्ट्यात कारखाने वाढले आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण, पश्चिम महाराष्ट्र अशा सगळ्या दिशांनी माणसं इथे आली. त्यांनी ट्रंकेत कपड्यांबरोबर आपापली बोली आणली, भजनं आणली, नाटकाची हौसही आणली. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी पहिली पाळी संपवून तालमीला धावणारी माणसं या भागाने पाहिली आहेत. मशीनवर उभं राहून संवाद पाठ करणाऱ्या माणसाला ‘वेड’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच अभिजात साहित्यातल्या माणसांना झपाटणाऱ्या भावनांचा विषय स्वागत समितीने या संमेलनासाठी निवडला.

या विषयाला मराठीत एक नेमका शब्द आहे आणि तो तुरुंगातून आला आहे. कोल्हापूर संस्थानाच्या दिवाणांविषयी छापलेल्या मजकुरावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांना शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. त्या कोठडीत आगरकरांनी शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला घेतलं. पुस्तक १८८३ साली निघालं. त्याला नाव दिलं ‘विकारविलसित’. डेन्मार्कच्या राजपुत्राचं नाव बाजूला ठेवून आगरकरांनी नाटकाच्या खऱ्या नायकालाच मुखपृष्ठावर आणलं. हा नायक म्हणजे मनातल्या विकारांचा खेळ. बुद्धिवादाचा एवढा कट्टर पुरस्कर्ता तुरुंगात बसून भावनांच्या वादळाचं नाटक लिहून काढतो, यात विसंगती नाही. समाजाला बुद्धीने वागायला सांगणाऱ्याला, बुद्धी कुठे हरते हे ठाऊक असणं भागच होतं. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी हॅम्लेटची भूमिका अशी गाजवली की नामवंत इंग्रज नटाच्या नावावरून त्यांना महाराष्ट्राचा गॅरिक म्हटलं जाऊ लागलं.

त्याच्याही फार पूर्वी भरताच्या नाट्यशास्त्राने या वादळाची मोजदाद केली होती. त्यात आठ स्थायी भाव, तेहतीस व्यभिचारी भाव आणि आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. रोजच्या मराठीनेही आपल्या परीने वर्गवारी केलेली आहेच. पोराला पतंगाचा नाद लागतो, आजोबांना बागेचा छंद असतो, कुणी हट्टाला पेटतो, कुणाचं डोकं फिरतं, कुणाला वेड लागतं, तर कुणी ध्यास घेतो. नाद लागतो, वेड लागतं. ध्यास मात्र घ्यावा लागतो. एका क्रियापदात भाषेने केवढा फरक साठवून ठेवला आहे!

मोठा लेखक या फरकाच्या सीमारेषेवर उभा राहतो. वेडाची सुरुवात तो दुर्गुणापाशी शोधत नाही. ती त्याला माणसाच्या एखाद्या चांगल्या गुणापाशी सापडते. स्वागत समितीला आज एवढीच एक गोष्ट मांडायची आहे.

राम गणेश गडकऱ्यांचा सुधाकर घ्या. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. हे नाटक दारूवर आहे असं सगळे म्हणतात. पण पहिल्या प्याल्याच्या आधी काय घडतं ते जवळून पाहायला हवं. सुधाकर हुशार वकील आहे, गरिबीतून वर आलेला आहे, मानी आहे. कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. ज्या मानावर तो उभा होता तोच मोडून पडतो. घरी पत्नी सिंधू आहे, रामलालसारखा मित्र आहे. पण त्या क्षणी त्याला समजूत नको असते, विसर हवा असतो. आणि दारूबाज तळीराम तो विसर पेल्यात ओतून समोर धरतो. एकदाच, फक्त दुःख विसरण्यापुरता.

म्हणजे सुधाकराला आधी दारूने धरलं नाही, स्वाभिमानाने धरलं. गडकऱ्यांनी तिथेच बोट ठेवलं आहे. पुढे घरातली एकेक वस्तू जाते, सिंधू दुसऱ्यांची दळणं दळते, तान्हं मूल जातं आणि मरणाच्या दारातली सिंधू फौजदारासमोर नवऱ्याला वाचवणारा जबाब देते. आता सिंधूकडेही त्याच नजरेने पाहायला हवं. तिची पतिनिष्ठा हा त्या काळाने डोक्यावर घेतलेला गुण. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षागृहं रडली. पण नवऱ्याच्या मानीपणाइतकीच तिची निष्ठाही मोजमाप हरवून बसलेली आहे. एकाच घरात दोन झपाटलेली माणसं आहेत; एकाला समाज दोष देतो, दुसरीची पूजा करतो. गडकऱ्यांनी दोघांनाही एकाच खड्ड्याकडे जाताना दाखवलं.

गोविंद बल्लाळ देवलांनी तर एकच विकार दोन तऱ्हांनी पाहिला. ‘ऑथेल्लो’वरून त्यांनी १८९० साली ‘झुंझारराव’ आणलं. शूर, सरळ मनाचा सेनानी. ज्याच्यावर विश्वास टाकायचा त्याच्यावर पुरता टाकणारा. हा पुरता विश्वास टाकण्याचा गुणच कान भरणाऱ्याच्या कामी येतो. ऑथेल्लोत एका हातरुमालावरून एक निष्पाप जीव जातो.

आणि त्याच देवलांचं ‘संशयकल्लोळ’. मोलिएरच्या १६६० च्या फ्रेंच प्रहसनातून निघालेली ही गोष्ट आर्थर मर्फीने १७६१ साली इंग्रजी रंगभूमीवर नेली. देवलांनी ती आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ म्हणून लिहिली आणि १९१६ साली पदांसह ती ‘संशयकल्लोळ’ झाली. पात्रांना नावं महिन्यांची आणि नक्षत्रांची: फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते पाहून त्याची बायको कृत्तिका हिच्या मनात किडा शिरतो. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती दिसते आणि फाल्गुनरावाचं डोकं फिरतं. इकडे रुमाल, तिकडे तसबीर. दोन्ही वस्तू मुठीत मावतील एवढ्या. एका नाटकात प्रेक्षक हुंदका आवरतो, दुसऱ्यात हसून लोटपोट होतो. संशय मात्र तोच आणि त्याच्या मुळाशी असलेलं प्रेमही तेच. फरक एवढाच की फाल्गुनरावाच्या गोष्टीत सगळी माणसं शेवटी समोरासमोर येऊन बोलतात. झुंझाररावाच्या गोष्टीत सत्य पोचतं तेव्हा उशीर झालेला असतो.

‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर हे याच रांगेतले. वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलं. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक असलेले डॉ. श्रीराम लागू त्यात अप्पा झाले. ‘किंग लिअर’ची सावली नाटकावर आहे, पण लिअर मुलींकडून प्रेमाचे शब्द मागतो आणि मग राज्य वाटतो. अप्पा काहीच मागत नाहीत. टाळ्यांनी भरलेल्या आयुष्यातून निवृत्त होताना ते असेल नसेल ते मुलांना देऊन टाकतात. पत्नी कावेरी व्यवहार सांगते. पण देण्याचीही नशा असते. आयुष्यभर प्रेक्षकांना स्वतःला वाटून टाकणाऱ्या नटाला घरच्यांसमोर हात आखडता कसा घेता येणार? शेवटी पोटच्या मुलीच्या घरी त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. औदार्याचा हा हिशेब शिरवाडकरांनी ज्या निष्ठुरपणे मांडला, त्याला मराठीत जोड नाही.

सभागृहातल्या अनेकांना सर्वांत जवळची वाटेल ती मात्र श्री. ना. पेंडशांची ‘रथचक्र’ ही कादंबरी, १९६२ सालची. तिच्या नायिकेला लेखकाने नावच दिलेलं नाही. मुलांनी शिकावं या एका ओढीने ती कोकणातलं एकत्र घर सोडून बाहेर पडते आणि एकटीने झुंजते. रहाटणीतल्या किती घरांची सुरुवात अशी झाली! सासरच्यांचा शब्द मोडून, दागिना मोडून, दोन खोल्यांत चूल मांडून मुलांची दप्तरं भरणाऱ्या बायका या गल्ल्यांनी पाहिल्या. पेंडसे या ओढीचा गौरव करतात आणि ती बाईला आतून कशी पोखरत जाते हेही लपवत नाहीत. त्या आयांच्या कष्टांवर आज भाषणं होतात. त्यांच्या जिद्दीने त्यांच्याकडून काय हिरावून घेतलं हे विचारायला कादंबरीच लागली.

आणि मग या परिसराला देहू विसरता येत नाही. संत तुकारामांचं, इंद्रायणीकाठचं हे गाव इथून अगदी जवळ. तुकोबांनी दुष्काळ पाहिला, घरातली माणसं गेलेली पाहिली, व्यापार बुडालेला पाहिला. सुधाकराइतकंच, कदाचित अधिक, मोडून पडण्याचं कारण त्यांच्यापाशी होतं. परंपरा सांगते की त्यांनी सावकारीच्या कागदांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. सुधाकराने अपमान विसरण्यासाठी पेला हाती घेतला. तुकोबांनी दुसऱ्यांची देणी विसरण्यासाठी कागद हातातून सोडले. झपाटलेपण दोन्हीकडे आहे. पण तुकोबांचा ध्यास स्वतःला सतत तपासत राहिला, स्वतःशी भांडत राहिला, आणि त्यातून गाथा उभी राहिली. लागलेलं वेड आणि घेतलेला ध्यास यांत काय अंतर आहे, ते या भागात तुकोबांच्या भंडारा डोंगराची वाट चढणाऱ्याला पायांनीच कळतं.

या दोन दिवसांत इथे याच माणसांवर चर्चा होईल. अभ्यासकांनी पाश्चात्त्य कादंबऱ्यांतल्या अ‍ॅना कॅरेनिना, कॅप्टन एहॅब, रस्कोल्निकोव्ह यांच्याबरोबर सुधाकराला आणि त्या निनावी आईलाही एकाच बाकावर बसवावं, अशी स्वागत समितीची विनंती आहे. नाट्यवाचनात ‘संशयकल्लोळ’चा तसबिरीचा प्रवेश ठेवला आहे, त्यात दिवसा कारखान्यात आणि कार्यालयांत काम करणारे स्थानिक कलावंत आहेत. गेला महिनाभर त्यांनी रात्री साडेनऊनंतर तालमी केल्या.

जेवणात आज पिठलं-भाकरी आणि ठेचा आहे. पाहुण्यांनी संकोच करू नये. आणि पहिल्या सत्रासाठी सर्वांनी आपापल्या जागा घ्याव्यात. वक्ते आलेले आहेत, सुधाकराची सनद नुकतीच गेली आहे आणि तळीराम दारात उभा आहे.