चाकांवरचे घर आणि पायांखालची जमीन



शहरातील सुखवस्तू वर्गात अलीकडे एका नव्या कल्पनेचे आकर्षण निर्माण झाले आहे. शे-दीडशे चौरस फुटांची एक खोली, तीत मोजक्याच वस्तू, खाली चाके. आणि ही खोली ओढत नेऊन खेड्यातील एखाद्या शेतात उभी करावयाची. २०१९ मध्ये तामिळनाडूतील अरुण प्रभू या तरुण वास्तुरचनाकाराने तीनचाकी रिक्षावर ३६ चौरस फुटांत, सुमारे १ लाख रुपये खर्चून असे घर उभे करून दाखविले. त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. गरजा आटोक्यात ठेवाव्यात, संचयाचा हव्यास सोडावा, हा विचार समाजवाद्यांना परका नाही. परंतु अमरावती-अकोल्याच्या भूमीवर हा विषय निघाला म्हणजे एक प्रश्न विचारणे भाग पडते: चाकांवरचे घर आमच्याकडे खरोखरच नवे आहे काय?

खरिपाच्या तोंडावर गावकुसाबाहेर भाता पेटवून वखराच्या पाशीला आणि विळ्या-कुऱ्हाडींना धार लावून देणारा गाडी लोहार आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची बंडी हेच त्याचे घर, हेच कोठार आणि हाच कारखाना. १५६८ मध्ये चितोड पडले, तेव्हा स्थिर घरात न राहण्याची शपथ पूर्वजांनी घेतली, अशी या समाजाची परंपरा सांगते. १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडात नेले आणि ती शपथ फिटली असे मानले गेले. शपथ फिटली; घर मात्र मिळाले नाही. महाराष्ट्रात घिसाडींबरोबर गाडी लोहार व चितोडी लोहार यांची गणना भटक्या जमातींत होते. त्यांच्या बंडीला 'साधी राहणी' म्हणण्याचे कोणास सुचले नाही. तिला अतिक्रमण म्हणण्यात आले.

एकाच आकाराच्या दोन घरांना अशी दोन नावे का मिळतात? याचे उत्तर छपरात किंवा भिंतीत सापडणार नाही. ते घराखालच्या जमिनीत आहे. अमेरिकेत थोरोने १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी दहा फूट बाय पंधरा फूट आकाराची झोपडी बांधली. लहान घराचे सगळे पुरस्कर्ते तिचा दाखला देतात. परंतु त्या झोपडीखालची जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती, हे क्वचितच सांगितले जाते. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. माती, बांबू आणि कवेलू यांनी उभी राहिलेली तेथील कुटी अपरिग्रहाचा आदर्श आहे. तेथील जमीन जमनालाल बजाज यांची होती. यामुळे गांधीजींची वा थोरोची थोरवी तिळमात्र कमी होत नाही. मात्र 'येथून ऊठ' असे म्हणणारे कोणी नसेल तेव्हाच लहान घर हे व्रत होऊ शकते, एवढे त्यावरून सिद्ध होते. एरवी ते केवळ दारिद्र्य असते.

ही गोष्ट वऱ्हाडच्या मातीतून उमजलेला महापुरुष म्हणजे गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेला हा डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांकडे वाढला. मामांची शेती सावकाराच्या घशात जाताना त्याने पाहिली. १९०५ मध्ये त्याने घर सोडले. पुढील अर्धशतक स्वतःसाठी घर न बांधता त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे इतरांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर धावत्या मोटारीत त्यांचा देह पडला. स्वतः बेघर राहणाऱ्या या संताने बेघरपणाचा गौरव कधी केला नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर असावे, याचीच काळजी त्यांनी वाहिली. त्याग स्वतःचा करावयाचा असतो, दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचा नसतो.

आता शासनाकडे वळू. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाच्या फिरण्यालाच गुन्हा ठरविले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. संशय मात्र शिल्लक राहिला. भटक्या-विमुक्ताला जातीचा दाखला हवा असेल, तर २१ नोव्हेंबर १९६१ या दिनांकापूर्वीचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याचे घर बंडीवर होते, त्याने त्या दिवशीची बंडी कोणत्या गावी उभी होती याचा पुरावा आणावा, असा हा न्याय आहे! दाखला नाही म्हणून योजना नाही, योजना नाही म्हणून जागा नाही आणि जागा नाही म्हणून दाखला नाही. हे चक्र बंडीच्या चाकाहून कठीण आहे.

यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत कुटुंबामागे ५ गुंठे जागा व २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. म्हणजे लहान घराला कोणाचाच विरोध नाही. अडते ते पाच गुंठ्यांशी. आपल्याच जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे फासेपारधी मुलांसाठी चालणाऱ्या 'प्रश्नचिन्ह' शाळेच्या आवाराचा काही भाग समृद्धी महामार्गात गेला. वेगाने जाणाऱ्या चाकांना जागा मिळते. थांबू इच्छिणाऱ्या माणसांना मिळत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वांना सक्तीने स्थिर करा, ही आपली मागणी नाही. तारेच्या कुंपणातील सेटलमेंटचा अनुभव सोलापूरने घेतला आहे. ज्याचा व्यवसाय फिरतीचा आहे त्याने सुखाने फिरावे. पण परतण्यासाठी त्याला हक्काची जागा असावी आणि वाटेत मुक्कामाला पोलिसांचा धाक नसावा. फिरणे आणि थांबणे हे दोन्ही हक्क मिळाले, तरच चाकांना स्वातंत्र्याचा अर्थ येतो.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे आहेत. आपल्या तालुक्यातील प्रत्येक पालाची आणि बंडीची नोंद करून शिधापत्रिका व मतदारयादी यांचे अर्ज भरून घ्यावेत. ग्रामसभेत त्यांना जागा देण्याचा ठराव मांडावा. गावातून विरोध होईल, तो आपल्याच सोयऱ्या-धायऱ्यांकडून होईल, आणि तेथेच आपल्या समाजवादाची परीक्षा आहे. तिसरे, गावठाणाच्या सीमा ठरविण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. तो भूमिहीनांसाठी वापरला जावा, यासाठी अमरावती आणि अकोला या दोन्ही कचेऱ्यांवर सतत धडक द्यावी.

ज्यांना चाकांवरच्या छोट्या घरात राहण्याची हौस आहे, त्यांनी अवश्य राहावे. ज्यांना तेवढेच घर आहे, त्यांच्या पायांखाली मात्र आपल्याला जमीन द्यावयाची आहे.

जय समाजवाद!