गोरिलांच्या भेटीची पूर्वतयारी



२०२३ च्या जानेवारीत मोप्याचा विमानतळ वाहतुकीस खुला झाला, आणि आमच्या धारगळ परिसरातील माणसांची प्रवासाविषयीची कल्पनाच पालटली. पूर्वी वेलांकणी, पंढरपूर किंवा फार तर मुंबई येथवर पोहोचणारे मनोरथ आता समुद्रापार धावू लागले आहेत. आम्हा चार शिक्षकांच्या मनाने तर पूर्व आफ्रिकेतील पर्जन्यवनात जाऊन तेथील गोरिला पाहण्याचे घेतले आहे. अद्याप आम्ही निघालेलो नाही. तयारी तेवढी चालू आहे. परंतु ही तयारी करताना ज्या गोष्टी ध्यानात आल्या, त्या इतरांसही उपयोगी पडतील असे वाटल्यावरून आजच्या भाषणाचा हा विषय निवडला.

गोमंतकीयांना पूर्व आफ्रिका नवीन नाही. 'कंपाला', 'करंजा' या आगबोटींनी मुंबई ते मोंबासा असा प्रवास केलेली माणसे गोव्यातील पुष्कळ घराण्यांत होऊन गेली. नैरोबी, एंटेबे, दारेसलाम येथील सरकारी कचेऱ्यांत गोमंतकीय कारकुनांचे मोठे प्रस्थ होते. नैरोबीचे डॉ. रोझेंडो रिबेरो हे तर माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून रोग्यांच्या घरी जात. १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडण्याची आज्ञा केली आणि तेथील गोमंतकीय वस्ती उधळली गेली. त्या पिढीतील मंडळी 'आफ्रिकार' म्हणून आजही गावोगावी ओळखली जाते. मात्र आयुष्य युगांडात काढूनही त्यांच्यापैकी क्वचितच कोणी गोरिला पाहिला असेल. कारण ब्विंडीच्या अरण्यात प्रवाशांना गोरिलांजवळ नेण्याचा प्रघात १९९३ पासूनचा आहे.

हे ब्विंडी युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. क्षेत्रफळ सुमारे ३३० चौरस किलोमीटर, म्हणजे ते आमच्या पेडणे तालुक्याहून फारसे मोठे नव्हे. १९९१ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. येथे आणि युगांडा, रुआंडा व कांगो यांच्या सीमेवरील विरुंगा पर्वतांत जे गोरिला राहतात ते पर्वतीय गोरिला होत. २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार त्यांची संख्या १०६३ भरली. पैकी ४५९ ब्विंडी व त्याला लागून असलेल्या कांगोतील अरण्यात, आणि उरलेले विरुंगात. आमच्या भागातील एखाद्या मध्यम वस्तीच्या गावातही याहून अधिक माणसे सापडतील! हा प्राणी कोणत्याही प्राणिसंग्रहालयात नाही. त्याला पाहावयाचे तर त्याच्या घरीच गेले पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. इतर सहलींत आपण तिकीट काढतो, मुक्कामाची सोय करतो आणि मग काय पाहावयाचे ते ठरवतो. येथे हा क्रम उलटा आहे. प्रथम परवाना, मग बाकी सारे. माणसांना सरावलेल्या गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसाला फक्त आठ प्रवासी नेतात आणि तेही एका तासापुरते. एखादे कुटुंब माणसाला सरावण्यास दोन-अडीच वर्षे लागतात; वनरक्षक नित्य थोडे जवळ जातात, थांबतात, परततात. त्यामुळे परवाने मोजकेच असतात आणि ते कित्येक महिने आधी घ्यावे लागतात. शिवाय परवाना ब्विंडीच्या एका विशिष्ट बाजूचा असतो: बुहोमा, रुहिजा, रुशागा किंवा न्कुरिंगो. नकाशावर ही ठिकाणे शेजारी दिसतात, परंतु डोंगरातील रस्त्यांनी एकीकडून दुसरीकडे जाण्यास काही तास मोडतात. परवाना रुशागाचा आणि बिछाना बुहोमात, असे झाले तर सकाळच्या हजेरीला पोहोचणे अशक्यच समजावे. प्रवासी मंडळ्यांशी पत्रव्यवहार करताना हा प्रश्न प्रथम विचारावा.

परवान्याचे मूल्य ऐकून मनुष्य दचकतो. युगांडाने ते जुलै २०२४ पासून परदेशी प्रवाशांसाठी ८०० डॉलर केले, म्हणजे एका तासाचे सुमारे ७०,००० रुपये. रुआंडात २०१७ पासून १५०० डॉलर पडतात. शिक्षकाच्या मिळकतीला हा भार हलका नव्हे. आमच्यापैकी एकाने तर, एवढ्या पैशांत घराचे कौलारू छप्पर नवे होईल, असा हिशेब मांडून दाखवला. परंतु या पैशातून माग काढणाऱ्यांचे पगार होतात, पहारे चालतात, पशुवैद्य नेमले जातात. उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा २० टक्के हिस्सा कायद्याने लगतच्या गावांना द्यावा लागतो आणि गोरिलांच्या परवान्यांतूनही काही रक्कम त्यांच्याकडे जाते. हा वाटा पुरेसा आहे असे तेथील सर्वच शेतकरी म्हणणार नाहीत. तो मुळात आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

ऋतूची अडचण आम्हा शिक्षकांना विशेष जाणवते. तेथे कोरडा काळ जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी असा दोनदा येतो. आमची मोठी सुटी मे महिन्यात, म्हणजे तेथील लांब पावसाळ्याच्या शेवटी. दिवाळीची सुटी आली की तेथे दुसरा पाऊस. राहिला नाताळ. तेव्हा हवा उत्तम, पण परवान्यांना मागणी फार. आणि ख्रिस्ती घरातल्या माणसाने नाताळच्या रात्री मिस्सेला घरच्यांबरोबर न जाता विषुववृत्तावर तंबू ठोकावा, हे वृद्ध आईला पटवणे परवाना मिळवण्याहून कठीण. कोकणच्या माणसाने पावसाला का भ्यावे, असे म्हणून आम्ही मे महिन्याकडे झुकलो आहोत. वाटा निसरड्या असतात. परंतु गोरिला पावसातही तेथेच असतात.

प्रकृतीच्या तयारीत पीतज्वराची लस मुख्य. ती सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात. प्रमाणपत्रावाचून युगांडाहून परतणाऱ्यास आपल्या देशात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. तेव्हा ही गोष्ट शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोरिलांची प्रकृती. सत्तरीत २०१५ च्या सुमारास माकडतापाची साथ आली, ती पुष्कळांच्या स्मरणात असेल. वानरांच्या अंगावरील गोचिडींमुळे काजूच्या बागांत राबणारी माणसे आजारी पडली. ब्विंडीत भय उलट दिशेचे आहे. गोरिला आपला इतका निकटचा आप्त, की आपल्या साध्या पडशाचे त्याला फुप्फुसाचे दुखणे होऊ शकते. १९९६ मध्ये तेथील एका कुटुंबात खरूज पसरली आणि एक पिल्लू दगावले. बुजगावण्यांवरच्या मळक्या कपड्यांतून ती आली असावी, असा तर्क करण्यात आला. त्या प्रसंगी उपचार करणाऱ्या पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे २००३ मध्ये एक संस्थाच काढली. गोरिला निरोगी राहावयाचे तर शेजारची माणसे निरोगी हवीत, हे तिचे सूत्र. म्हणूनच पंधरा वर्षांखालील मुलांना तेथे नेत नाहीत, तोंडावर मुखपट्टी बांधावी लागते, आणि पूर्वी सात मीटर असलेले अंतर करोनाच्या साथीनंतर दहा मीटर झाले. सर्दी-खोकला असणाऱ्यास आत सोडत नाहीत. आता कल्पना करा: ७०,००० रुपये भरले, दोन-तीन दिवस प्रवास केला आणि ऐन पहाटे घसा खवखवू लागला. गोळी घेऊन गप्प राहावे, असा मोह कोणाला होणार नाही? आम्ही चौघांनी याचा निर्णय आताच करून ठेवला आहे. खोकणारा मुक्कामावर राहील आणि त्याबद्दल परतल्यावर कोणी त्याची थट्टा करणार नाही.

या सहलीत अरण्याकाठच्या माणसांचा विचार टाळता येत नाही. ब्विंडीला लागूनच केळी, मका, बटाटे यांची शेते आहेत आणि गोरिला अधूनमधून त्यांत शिरतात. केळीच्या खोडातला गाभा त्यांना आवडतो. २०२५ च्या सप्टेंबरात तिळारीच्या बाजूने 'ओंकार' नावाचा हत्ती मोपा-तांबोसे भागात उतरला तेव्हा आमच्या लोकांची जी अवस्था झाली, तिच्यावरून तेथील शेतकऱ्याच्या मनाची कल्पना करता येते. हत्तीला पाहण्यास गर्दी लोटली. ज्याची भातशेती तुडवली गेली तो मात्र गर्दीत नव्हता. ब्विंडीत गावातील स्वयंसेवकांची पथके गोरिलांना शेतातून हळूहळू अरण्याकडे परतवतात. तरीही २०२० च्या जूनमध्ये 'राफिकी' नावाचा रुपेरी पाठीचा प्रमुख नर एका शिकाऱ्याच्या भाल्याने मेला आणि त्या शिकाऱ्यास अकरा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी जानेवारीत आमच्या म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मारले गेले. वाघांनी गुरे मारली होती. २०२३ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई व लगतच्या वनांत व्याघ्रक्षेत्र जाहीर करण्याचा आदेश दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि वाद अरण्यातील घरांवर येऊन ठेपला. वाघ हवा की घर, असा प्रश्न मांडला की त्याला उत्तर सापडत नाही. वाघाच्या जगण्यातून शेजारच्या घराला काय मिळते, हे ब्विंडीत जाणाऱ्याने तेथील लोकांना अवश्य विचारावे.

ब्विंडीचा सारा हिशेब गोड नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बट्वा लोक १९९१ मध्ये उद्यान होताच बाहेर काढले गेले. त्यांना जमीन मिळाली नाही. २०२१ मध्ये युगांडाच्या घटना न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बट्वांचे नृत्य प्रवाशांना दाखवण्याचा कार्यक्रम बहुतेक सहलींत असतो. नृत्य पाहून टाळ्या पिटण्यापेक्षा, त्यांच्यापैकी एखाद्या वाटाड्याबरोबर चालावे, मधाची पोळी कोठे सापडत आणि औषधाच्या मुळ्या कोणत्या ते ऐकावे, आणि पैसे त्याच्याच हाती पडतात ना, याची चौकशी करावी.

बाकीच्या वन्यप्राण्यांसाठी वेगळी धावाधाव करू नये, असे माझे मत. ब्विंडीहून उत्तरेस जाताना इशाशा लागते. तेथील सिंह झाडांवर चढून बसतात. पुढे किबालेच्या वनात चिंपांझी आहेत. एवढे पुरे.

चालण्याचा सराव मात्र हवा. गोरिला रोज संध्याकाळी फांद्या व पाने वाकवून नवे अंथरूण करतात. माग काढणारे पहाटे आदल्या दिवसाच्या जागेवरून शोध सुरू करतात. प्रवाशाला कधी एका तासात दर्शन घडते, कधी सहा तास डोंगर चढावा लागतो. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, कारण मुंग्या निर्दय असतात. काटेरी वेलींसाठी जाड हातमोजे घ्यावेत. उद्यानाच्या दाराशी गावातली तरुण मुले-मुली ओझे वाहण्यास उभी असतात. आपली पिशवी हलकी असली तरी एकाला बरोबर घ्यावे. निसरड्या उतारावर त्याचा हात उपयोगी पडतो आणि मजुरी थेट त्याच्या घरी जाते.

आमचे परवान्याचे पत्र अजून यावयाचे आहे. तोवर दर रविवारी मिस्सेनंतर आम्ही चौघे मोप्याच्या डोंगरापर्यंत चालून येतो. चौथ्या सोबत्याने नाताळचा हट्ट अद्याप सोडलेला नाही.