दाब सोडू नका

 

मका काढणीला आला की मळणीयंत्र सुरू होतं, मागोमाग कडबाकुट्टी. विळा, कोयता, कुऱ्हाड तर रोज हातात. कुठे कापलं की आपण हळद दाबतो, चिंधी गुंडाळतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण रक्ताची धार लागली तर हळद काही करू शकत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की जिवावर बेततं, आणि मोठी रक्तवाहिनी तुटली तर तेवढं काही मिनिटांतच जातं. धावड्याहून भोकरदनला पोचायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पहिला इलाज जवळ असलेल्या बाईनेच करायचा. तो इलाज म्हणजे दाब.

आधी यंत्र बंद करा. माणसाला आडवं निजवा. एकीने १०८ला फोन लावावा. ही गाडी फुकट येते. दुसरीने हातावर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी चढवावी, सुती कापडाची जाड घडी जखमेवर ठेवावी आणि तळहाताने जोर लावून दाबावं. पूर्ण १० मिनिटं. थांबलं का म्हणून मधेच उचलून बघायचं नाही; धरू लागलेली गुठळी तेवढ्याने सुटते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरी घडी ठेवून आणखी जोराने दाबा.

मग घडी न हलवता तिच्यावरून रुंद पट्टी घट्ट गुंडाळा. ही झाली दाबपट्टी. बांधल्यावर बोटं बघा. ती गार, निळी पडली किंवा मुंग्या आल्या, तर पट्टी जरा सैल करा, पण घडी काढू नका.

जखमेत काही रुतलं असेल तर उपसू नका; त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. मानेच्या जखमेवर फक्त हाताने दाबा, गळ्याभोवती पट्टी गुंडाळू नका. माती, राख, तंबाखू काहीही भरू नका. खायला-प्यायला देऊ नका, कारण ऑपरेशन लागू शकतं. अंगावर पांघरूण घाला.

हातापायाची धार इतकं करूनही थांबली नाही, तरच शेवटचा उपाय. जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधा. तिच्यात काठी अडकवून धार थांबेपर्यंत पिळा. दोरी किंवा तार वापरू नका, ती मांसात रुतते. बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि दवाखान्यापर्यंत ती सोडू नका.

बोट तुटून पडलं तर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोबत न्या. बर्फ थेट बोटाला लागू देऊ नका.

रक्त थांबलं तरी दवाखाना चुकवू नका. टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन तिथेच मिळतं.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. जुनी सुती साडी धुऊन, उन्हात वाळवून तिच्या घड्या आणि हातभर रुंदीच्या निम्म्या पट्ट्या करा. मेडिकलमधून दोन क्रेप बँडेज आणा. आशाताईंना बोलवा आणि एकमेकींच्या हातावर बांधून बघा. मग ती पिशवी कडबाकुट्टीजवळ सगळ्यांना दिसेल अशी टांगा.