शिंपला आणि सूर

नवं वाद्य समोर आलं की आपण ते आधी पाहतो, मग ऐकतो. १९३३ साली अमेरिकेत असंच एक वाद्य घडलं. शिकागोच्या रेडिओवर गाणारा जीन ऑट्री पुढं चित्रपटांतला गाणारा काउबॉय म्हणून गाजला. त्याच्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावच्या मार्टिन कारखान्यानं मुद्दाम एक गिटार केली. कडेनं ॲबालोनी शिंपल्याची चमचमती किनार, आणि पडद्यांच्या पट्टीवर शिंपल्याच्याच अक्षरांत त्याचं नाव! डी-४५ या प्रसिद्ध जातीची हीच पहिली गिटार.

हे काम मोठं चिकाटीचं. शिंपला बारीक करवतीनं कापायचा, लाकडात त्याच मापाची खाच करायची, तुकडा चिकटवून घासायचा. धूळ छातीला वाईट, म्हणून नाक-तोंड झाकायचं.

आता गंमत पाहा. एवढं करून सुराला शिंपल्याचा काडीचाही उपयोग नाही! गिटार बोलते ती स्प्रूस लाकडाच्या पातळ तबलीमुळं. तबलीच जाड राहिली, तर नक्षी कितीही करा, आवाज कोंदटच.

मग नक्षी नकोच का? असं नाही, आवडीच्या वस्तूला माणूस सजवणारच. पण शिंपल्यात जीव राहत असतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ॲबालोनी खाण्यासाठी इतके काढले गेले, की १९९७ साली त्यांची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. २००१ साली पांढरा ॲबालोनी नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला.

तेव्हा वाद्य करवून घ्याल, तर पैसा आधी तबलीवर घाला. उरला तर शिंपल्यावर. आणि तो कुठून आणला, एवढं कारागिराला जरूर विचारा.