नायक आपल्यातूनच घडावा

(धुळे येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या खान्देशच्या इतिहासातील एका प्रसंगाने आरंभ करतो. 1825 साली इंग्रजांनी धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली. जेम्स आउट्रम हा तिचा प्रमुख. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत माग काढणारे पाय भिल्लांचे, बंदूक धरणारे हातही भिल्लांचे. हुकूम मात्र गोऱ्या अधिकाऱ्याचा. इंग्रजाने आपल्या बांधवांच्या हाती शस्त्र दिले, सेनापत्य दिले नाही. पुढे 1857 च्या स्वातंत्र्यसमरात ज्याच्याकडे सेंधव्याच्या घाटाची रखवाली होती, त्या खाज्या नाईकानेच इंग्रजांविरुद्ध शस्त्र उपसले. एप्रिल 1858 मध्ये आंबापाणीच्या रणात भिल्ल वीरांनी रक्त सांडले. नेतृत्वाचा गुण या समाजात नव्हता असे कोण म्हणेल? अभाव गुणाचा नव्हता, संधीचा होता.

आज ती संधी कायद्याने दिलेली आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला गौण वनोपज, गावचे जलसाठे आणि विकासाच्या योजना यांबाबत अधिकार दिले. पंचायतींची अध्यक्षपदे अनुसूचित जमातींसाठी राखली. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट या पंचायतींना देण्याचा निर्णय झाला. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची वाटही मोकळी केली.

मग प्रश्न उरतो कुठे? पत्रकारितेच्या निमित्ताने मी अनेक पाड्यांवर गेलो आहे. खुर्चीवर सरपंच आमचा भिल्ल, पावरा किंवा कोकणा बांधव असतो. हिशेबाची वही मात्र दुसऱ्याच्या काखेत असते. ठराव लिहिणारा वेगळा, अंदाजपत्रक करणारा वेगळा, काम घेणारा ठेकेदार तिसरा. सरपंचाचे काम सही करण्यापुरते! धरणगावच्या पलटणीचा नमुना आपण स्वराज्यातही चालू ठेवला आहे काय, असा प्रश्न मला अस्वस्थ करतो. आरक्षणाने पद मिळते. पद पेलण्याचे बळ अभ्यासाने, सरावाने आणि संघटनेने येते.

हे बळ येऊ शकते याचा पुरावा शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. साक्री तालुक्यातले बारीपाडा पाहा. एम.कॉम. झालेला चैतराम पवार हा तरुण नोकरीच्या मागे न लागता गावात राहिला. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांची त्याला साथ लाभली. गावाने स्वतःच नियम केले, राखण स्वतः केली, झाड तोडणाऱ्याला दंड स्वतःच ठरवला. सुमारे 400 हेक्टर वन पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले. चैतरामजींना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. तो सन्मान झाडांचा आहेच, पण त्याहून अधिक तो गावाच्या सामूहिक निर्णयशक्तीचा आहे.

याच साक्री तालुक्यातील सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड भिल्ल कुटुंबात, अत्यंत हलाखीत वाढले, डॉक्टर झाले, भारतीय प्रशासकीय सेवेत गेले आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची वाटचालही अशीच पायरीपायरीची आहे: 1997 मध्ये रायरंगपूरच्या नगर पंचायतीत नगरसेविका, मग आमदार, मंत्री, 2015 पासून झारखंडच्या राज्यपाल आणि 2022 मध्ये राष्ट्रपती. नेतृत्व आकाशातून पडत नाही. नगरसेविकेच्या पहिल्या पायरीवाचून शेवटची पायरी दिसलीच नसती.

न्यूझीलंडमध्ये वायकातो-ताइनुई (1995) आणि न्गाई ताहू (1998) या माओरी समाजांनी सरकारशी समझोते करून मिळालेल्या संपत्तीची व्यवस्था स्वतःच्या संस्थांमार्फत पाहिली. तेथील 'मूळचे आणि बाहेरचे' हे समीकरण आपल्या देशाला लागू पडत नाही. येथे वनवासी आणि नगरवासी एकाच संस्कृतीची लेकरे आहेत. परंतु हिशेब, कायदा आणि व्यवस्थापन समाजाने स्वतः हाती घ्यावे, एवढा बोध घ्यायला संकोच कशाला?

आता थोडे आपल्या घरचे बोलतो; कटू वाटले तर क्षमा असावी. सेवाकार्यात आपण वर्षानुवर्षे राबलो आहोत. परंतु सेवा करणारा आणि सेवा घेणारा ही वाटणी कायमची झाली, तर ती सेवा उपकार होते, आणि उपकाराने स्वाभिमान जागत नाही. कल्याण आश्रमाची स्थापना 1952 मध्ये बाळासाहेब देशपांडे यांनी जशपूरला केली. त्यांच्यानंतर अध्यक्षपद उरांव समाजातील जगदेवराम उरांव यांच्याकडे आले आणि 2020 मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांनी ते सांभाळले. हा आदर्श आपल्यासमोर आहे. पण तालुक्या-तालुक्यांत तो किती उतरला? वसतिगृहातून शिकून गेलेला मुलगा पुढे त्याच वसतिगृहाचा व्यवस्थापक होतो का? बैठकीत सूत्रसंचालन त्याचे आणि निर्णय आपला, असे तर होत नाही ना?

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, प्रत्येक पेसा गावात दोन तरुण आणि दोन तरुणी अशा तयार कराव्यात की ज्यांना ठराव लिहिता येईल, अंदाजपत्रक वाचता येईल आणि वनहक्काचा दावा मांडता येईल. दुसरी, वर्षाला एक जबाबदारीचे पद, तेही निधी व निर्णयाचे, त्यांच्यातील कार्यकर्त्याकडे सोपवावे. तिसरी सर्वांत अवघड आहे: सोपवल्यावर मध्ये बोलू नये. चुका होतील. आपल्या हातूनही झाल्याच होत्या.

खाज्या नाईकाला कोणी नेतृत्व शिकवले नव्हते. त्याच्या वंशजांना ते शिकवण्याचा आव आपण आणू नये; त्यांची वाट अडवू नये एवढे जरी साधले, तरी सातपुड्याच्या प्रत्येक पाड्यावर एक बारीपाडा उभा राहील.

भारत माता की जय!