पैऱ्यातील साखर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कोकणातला पेंढा, विदर्भातले तणस आणि आपल्या रायपूरचा पैरा ही एकाच वस्तूची तीन नावे आहेत. छत्तीसगडला लोक 'धान का कटोरा' म्हणतात. परंतु कटोऱ्याबाहेर काय सांडते, याचा विचार सहसा होत नाही. एक किलो धानामागे साधारणपणे एक ते दीड किलो पैरा शेतात उभा राहतो. पूर्वी तो गुरांच्या दावणीला जाई. आता यंत्राने कापणी झाली की बराचसा शेतातच राहतो, आणि पुढच्या पेरणीची घाई असलेला शेतकरी त्याला काडी लावतो. त्या धुरातून जे जळून जाते, त्यात साखर असते, हे आज मला सांगावयाचे आहे.

साखर म्हणताच आपल्याला ऊस आठवतो. पण भाताचे शीत आणि पैऱ्याची काडी ही दोन्ही मुळात ग्लुकोजच्याच साखळ्यांनी घडलेली आहेत. तांदळातील स्टार्चमध्ये त्या कड्या अशा जोडल्या आहेत की आपल्या पोटातील पाचकरस त्या सहज सोडवितात. काडीतील सेल्युलोजमध्ये जोडणीचा कल निराळा असतो. तेवढ्या फरकाने एक माणसाचे अन्न ठरते आणि दुसरे गुरांचे. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव ती गाठ सोडवितात. आपल्याला ती सुटत नाही.

काडीची रचना समजण्यास दूर जावयास नको. भिलाईच्या सळ्या आणि आपल्या परिसरातील सिमेंट यांनी स्लॅब घालताना आपण पाहतोच. काडीत सेल्युलोज म्हणजे सळ्या, हेमिसेल्युलोज म्हणजे त्यांना आवळणारी तार, आणि लिग्निन म्हणजे सिमेंट. भाताच्या काडीत याशिवाय वाळूचाच भाईबंद असलेले सिलिकाही पुष्कळ असते. किण्वाला, म्हणजे यीस्टला, सळीतील साखर हवी असते. पण सिमेंट फोडल्याखेरीज सळीपर्यंत पोहोचता येत नाही. ते फोडण्याच्या कामास पूर्वप्रक्रिया म्हणतात.

याचे मुख्य मार्ग दोन. पहिला आम्लाचा. शेकडा एकाच्या आसपास गंधकाम्ल असलेल्या पाण्यात काडी भिजवून १६० ते १९० अंश सेल्सियस तापमानाला काही मिनिटे दाबाखाली शिजवितात. तार विरघळते, तिच्यापासून झायलोज ही साखर सुटते आणि सळ्या उघड्या पडतात. आच जास्त झाली, तर त्याच साखरेचे फर्फ्युरल बनते आणि ते किण्वाला मारक ठरते. पाक करणाऱ्या गृहिणींना आचेचे हे महत्त्व मी काय सांगावे! दुसरा मार्ग अल्कलीचा. कॉस्टिक सोडा किंवा अमोनिया लिग्निनचे बंध सैल करतो. साखर फारशी जळत नाही. मात्र अल्कली परत मिळविण्याचा खर्च येतो, आणि भाताच्या काडीतील सिलिकाही त्यात विरघळून अडचण करते.

यानंतर विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, काम येते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती कापड एका बुरशीने खाल्ले. ट्रायकोडर्मा रीसी हे नाव पावलेली ती बुरशी आज सेल्युलोज तोडणारे विकर जगाला पुरविते. मूळ कल्पना तर त्याहून जुनी. १८१९ साली फ्रान्समध्ये ब्राकोनो यांनी तीव्र गंधकाम्लाने चिंध्यांपासून साखर केली होती.

या कार्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या पद्धतीवर २०१६ साली उत्तराखंडातील काशीपूर येथे रोज दहा टन काडीकचरा पचविणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०१७ साली दौंडजवळ असाच प्रकल्प उभारला. आणि त्यांच्या तंत्रावर आधारलेला इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, असे त्याचे उद्दिष्ट ठरले. म्हणजे टनाला दीडशे लिटर.

मग रायपुरात असा कारखाना उद्याच का निघू नये? येथे उत्साहाला थोडा लगाम हवा. पैरा हलका, पण जागा फार व्यापणारा. तो गोळा करून वाहून आणणे महाग. सिलिका यंत्रे झिजविते. विकरांची किंमत भारी, आणि साधे किण्व झायलोज आंबवीत नाही. म्हणूनच आपल्या देशातील बहुतेक इथेनॉल आजही ऊस व धान्य यांपासूनच होते. पेट्रोलमध्ये शेकडा वीस इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला, त्यात तांदूळही खर्ची पडला. ताटातले अन्न टाकीत जावे की शेतात जळणारी काडी, हा प्रश्न धानाच्या या मुलखाला तरी परका नाही.

माझ्या मते पैऱ्याचे वारस तीन. पहिला हक्क गुरांचा, दुसरा मातीचा, आणि उरेल ते कारखान्याचे. गुरांसाठी हीच रसायनविद्या खेड्यात, कारखान्यावाचून वापरता येते. शंभर किलो पैऱ्यावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, थर दाबून तीन आठवडे हवाबंद ठेवावा. युरियापासून अमोनिया होतो आणि काडी पचनास सुलभ होते. मात्र हे पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करावे. घालण्यापूर्वी काडी उघड्यावर वारा देऊन ठेवावी, आणि कोरडा युरिया जनावरासमोर कधीही येऊ देऊ नये.

शेवटी तरुणांना एक विनंती. आपली मुले शिकून पुण्याला, परदेशी जातात. त्यात वावगे काही नाही. परंतु याच शहरातील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात धानाचे वीस हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. डॉ. रिछारिया यांनी गावोगाव फिरून हा संग्रह उभा केला. दाणा पाहून वाण निवडण्याची रीत जुनी आहे. कोणत्या वाणाची काडी लवकर उकलते, कोणतीत सिलिका कमी, हा शोध घेण्यास एवढे मोठे भांडार हाताशीच आहे. ज्या भूमीने आपल्या पिढ्यांना भात दिला, तिच्या काडीचे मोल ठरविणे हीही त्या अन्नाची परतफेडच आहे.