रुग्णाचे अखेरचे दिवस आणि परिचारिका

रुग्ण बरा होण्याची आशा उरली नाही म्हणजे पुढे काय करावयाचे, याविषयी डॉक्टर बोलतात, नातेवाईक बोलतात, प्रसंगी न्यायालयही बोलते. रात्रंदिवस उशाशी असणाऱ्या परिचारिकेला मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील एका प्रकरणात याच्या उलट घडले.

अरुणा शानबाग या तेथील परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अमानुष अत्याचार केला. साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले, तोपर्यंत जवळजवळ ४२ वर्षे तेथील परिचारिकांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले, वेळोवेळी कूस बदलून दिली. अरुणा यांना चालता-बोलता कधी पाहिले नव्हते अशा मुलीही नोकरीवर रुजू झाल्यावर ही सेवा करू लागल्या. २०११ मध्ये तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासणी केली तेव्हा अंगावर एकही शय्याव्रण आढळले नाही. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्यांना याचे मोल सांगावयास नको.

अरुणा यांना अन्न देणे थांबवावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. परिचारिकांचा तीस ठाम विरोध होता. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. उच्च न्यायालयाच्या अनुमतीने जीवनाधार काढून घेता येईल, हे तत्त्व त्याच निकालाने मान्य केले. परंतु अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून इतकी वर्षे सेवा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा आहे, असे ठरविले. पुढे त्यांचे मत बदलल्यास उच्च न्यायालयाकडे जाण्याची वाटही मोकळी ठेवली.

या निकालाने परिचर्येचा मोठाच गौरव झाला. तरीही एक अवघड प्रश्न उरतो. अरुणा जगाव्यात, ही परिचारिकांची इच्छा होती. खुद्द अरुणा यांची इच्छा कोणती होती, हे कोणालाच कळण्याजोगे नव्हते. सेवेतून माया उत्पन्न होते आणि ती व्हावीच. पण आपल्या मायेलाच रुग्णाची इच्छा समजण्याची चूक अनुभवी परिचारिकेच्या हातूनही होऊ शकते. थकलेल्या नातेवाइकांच्या बाबतीत हीच चूक उलट दिशेने होते.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि सज्ञान व्यक्तीस आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याची सोय दिली. जानेवारी २०२३ मध्ये ही पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेतले म्हणजे पुरे. या इच्छापत्राची एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका वा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावयाची असते, हे पंचायत सदस्यांनी ध्यानात घ्यावे. जीवनाधार काढण्याचा प्रश्न प्रथम एका आणि नंतर दुसऱ्या वैद्यकीय मंडळापुढे जातो. दोन्ही मंडळे डॉक्टरांची. परिचारिकेला त्यांत जागा नाही.

मग तिचे काम काय? मध्यरात्री वॉर्ड शांत झाल्यावर रुग्ण हळूच विचारतो, “सिस्टर, हे अजून किती दिवस चालायचं?” मुलासमोर वा डॉक्टरांसमोर तो हे बोलत नाही. अशा वेळी “काळजी करू नका, बरे व्हाल” असे सांगून निघून जाणे सोपे. खाटेजवळ बसून त्याला बोलू देणे, नंतर त्याचेच शब्द, आपली भर न घालता, नोंदवहीत लिहिणे आणि सकाळी परिसेविकेच्या व डॉक्टरांच्या कानी घालणे, हे कठीण. निर्णय तिने एकटीने घ्यावयाचा नाही. कोणाच्या तोंडी सांगण्यावरून श्वसनयंत्रही बंद करावयाचे नाही. मंडळांनी यंत्र काढण्याचा निर्णय दिला तरी वेदनाशामक औषध वेळेवर देणे, कोरडे ओठ ओले करणे, कूस बदलणे आणि दाराबाहेर ताटकळणाऱ्या मुलीला आत बोलावून आईचा हात हाती देणे, ही तिची कामे शेवटच्या श्वासापर्यंत चालूच राहतात.